अर्धवट रंगवलेली बी विंग आणि 'आपल्या' लेकीबाळी

गोदाकाठची

आमच्या सोसायटीची बी विंग पाच महिने झाले अर्धवट रंगवलेली आहे. गच्चीपासून चौथ्या मजल्यापर्यंत पांढराशुभ्र प्रायमर आणि त्याखाली जुना, पावसाने काळवंडलेला पिवळा. पाथर्डी फाट्याकडे ४८ फ्लॅट आहेत आमचे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. कृपया कोणी शोध घेत बसू नये.)

दिवाळीआधी रंगकाम काढलं होतं. उत्तर प्रदेशातल्या गोंड्याकडचे पाच जण होते. दिवसभर झुल्यावर लटकून भिंत घासायचे आणि रात्री पार्किंगच्या कोपऱ्यात स्वयंपाक करायचे. एका बुधवारी संध्याकाळी सोसायटीतली नऊ वर्षांची मुलगी आईजवळ रडायला लागली. पोट दुखतंय म्हणाली, मी खाली जाणार नाही म्हणाली, एवढंच. आईच्या मनात पाल चुकचुकली. तिने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने नवऱ्याला. रात्री नऊला ग्रुपवर पोस्ट आली, 'सावधान! कलरकाम करणाऱ्या भैय्यांनी आपल्या सोसायटीतल्या चिमुरडीवर...' पुढे फ्लॅट नंबरसकट सगळं. 'आज तिच्यावर, उद्या तुमच्या घरात.'

मुलीने तोवर कोणाचंही नाव घेतलेलं नव्हतं.

साडेनऊला खाली गर्दी. एका पक्षाच्या शाखेतली पोरंही आली होती, त्यांना कोणी बोलावलं ते आजतागायत कळलेलं नाही. पाचही जणांना मारलं. एकाचा हात तर असा लोंबत होता की बघवेना. रात्रीच निघून गेले सगळे. सकाळी मी गाडी काढायला गेले तर पार्किंगमध्ये त्यांचा कुकर तसाच. आत तांदूळ भिजलेले, झाकण लावलेलं, शेगडी पेटवायचीच राहिलेली. शेजारी आरशाचा तुकडा आणि कंगवा.

रविवारी सभा. इतकी भरलेली सभा मी बारा वर्षांत पाहिली नव्हती. 'लेकीबाळी', 'आपली संस्कृती', 'यांचे लोंढे', सगळं झालं. गेटवर पाटी लागली: 'परप्रांतीय कामगार व फेरीवाले यांना सायंकाळी ६ नंतर प्रवेश नाही. आदेशावरून.' हात वर करणाऱ्यांत मीही होते.

अकरा दिवसांनी मुलगी समुपदेशक बाईंजवळ बोलली. ए विंगमधले क्लासवाले सर. स्कॉलरशिपचे क्लास घेतात. माझा मुलगा चार वर्षं त्यांच्याकडे जात होता, गुरुपौर्णिमेला मी स्वतः पेढे नेऊन दिलेत. गुन्हा नोंदवला, पोक्सो लागला, अटक झाली.

आता ग्रुपचं सांगते. पहिल्या रात्री मी मेसेज वाचता वाचता थकले होते. अटकेच्या दिवशी एकच मेसेज आला: 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. ग्रुपवर चर्चा करू नये. सोसायटीचे नाव खराब होते.' त्याला अंगठेच अंगठे. सभा नाही, लेकीबाळी नाहीत. पाटी मात्र आहे तशीच.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. पोरगी तीच, तिचं दुखणं तेच. मग अकरा दिवसांत नेमकं बदललं काय? करणाऱ्याचा पत्ता बदलला. हे आमच्याच गेटवर झालं, की यावर मोठमोठी राजकारणं चालतात? पेपरात वाचते ते तुकड्यातुकड्यात असतं. इथे जाणकार आहेत म्हणून धागा काढला. भांडणं नकोत.

चहाटळ

सुन्न. मुलगी कशी आहे?

गोदाकाठची

आजोळी आहे. शाळा बदलली. झोपते म्हणे आता बऱ्यापैकी.

वर्कशॉपवाला

अंबडला माझं छोटं मशीन शॉप आहे, २००१ पासून. फेब्रुवारी २००८ चं सांगतो. परप्रांतीयांविरुद्धचं आंदोलन पेटलं आणि दोन दिवसांत माझ्याकडची निम्मी माणसं गेली. नाशिकरोड स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. नाशिकमधून १५ हजारांच्या आसपास लोक गेल्याचा आकडा तेव्हा छापून आला होता. ओझरच्या एचएएलमधला एक कर्मचारी बसवरच्या दगडफेकीत जीवानिशी गेला. तो मराठीच होता.

पण मुद्दा वेगळा आहे. २००८ ला भाषा नोकऱ्यांची होती. भूमिपुत्र, रेल्वे भरती, टॅक्सी परवाने. त्यावर निदान वाद घालता यायचा, की बाबा, लेथवर बारा तास उभं राहायला तुझा पोरगा येतो का? 'आमच्या बायका' हे हत्यार बाहेर आलं की वादच संपतो. सप्टेंबर २०१८ मध्ये गुजरातेत साबरकांठ्यात हिम्मतनगरजवळ १४ महिन्यांच्या बाळावर अत्याचार झाला. पकडलेला माणूस बिहारचा, कारखान्यात कामाला. गुन्हा भयंकरच, शिक्षा व्हायलाच हवी. पण त्यानंतर मेहसाणा, अहमदाबादपर्यंत जो हिंदी बोलेल त्याला मार. हजारोंनी लोक गाड्या भरून गावी गेले. एकाने केलं आणि हजारोंनी भोगलं. त्या गर्दीतल्या किती जणांना त्या बाळाचं पुढे काय झालं ते माहीत होतं, विचारा.

आपल्याकडे सप्टेंबर २०२१, मुंबईतलं साकीनाका, बलात्कार आणि खून. आरोपी उत्तर प्रदेशचा. त्यावर बैठक झाली आणि तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी पोलिसांना परराज्यातून येणाऱ्यांची नोंद ठेवायला सांगितलं. म्हणजे आमच्या सोसायटीतलं रजिस्टर, फक्त राज्याच्या मापाचं.

रोखठोक

गोदाताई, तुमच्या सोसायटीत झालं ते वाईटच. पण एका उदाहरणावरून 'बाहेरच्यांवर संशय घेणं म्हणजे राजकारण' असं सिद्ध करू नका. ब्रिटनमध्ये रॉदरहॅमला काय झालं? १९९७ ते २०१३, किमान १४०० मुलांचं लैंगिक शोषण. हे कोणा पक्षाचं पत्रक नाही, २०१४ चा अलेक्सिस जे यांचा चौकशी अहवाल आहे. गुन्हेगार बहुतांश 'आशियाई', असं पीडितांनीच सांगितलं. आणि अधिकारी गप्प का बसले? आपल्याला वंशद्वेष्टे म्हणतील या भीतीने. पोरींचा बळी देऊन सौहार्द सांभाळलं. असल्या गप्प बसण्यामुळेच लोक टोकाच्या पक्षांकडे जातात.

ऱ्हाईनकाठचा

रोखठोक, रॉदरहॅमवर सविस्तर लिहायला हवं, ते काळा कोट लिहितीलच. मी कोलोनचं सांगतो. मूळचा नाशिकरोडचा, २०१३ पासून इथे आहे.

३१ डिसेंबर २०१५ ची रात्र. कोलोनचं मुख्य स्टेशन आणि मोठं चर्च यांच्यामधल्या चौकात प्रचंड गर्दी होती. पुरुषांच्या टोळक्यांनी बायकांना घेरलं, अंगाला हात लावले, पर्स-मोबाईल मारले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांचं पत्रक निघालं की रात्र मोठ्या प्रमाणात शांततेत पार पडली! मग तक्रारी यायला लागल्या. शेवटी १२०० च्या आसपास झाल्या, त्यातल्या पाचशेच्या वर लैंगिक गुन्ह्यांच्या. संशयितांत उत्तर आफ्रिकेतून आलेले बरेच. पोलिसप्रमुखाला घरी बसवलं. इथवर रोखठोक यांचं बरोबर आहे. लपवालपवी झाली, आणि ती बायकांच्या जिवावर झाली.

आता पुढचं. माझ्या ऑफिसातली एक मुलगी त्या रात्री तिथे होती, तिने तक्रार केली. नंतर मला म्हणाली, पत्रकार असो की शेजारी, सगळे मला एकच विचारतात: ते दिसायला कसे होते? मला काय झालं ते ऐकायला कोणालाच वेळ नाही. आणि एक म्हणाली जे मी विसरलेलो नाही. इथे फेब्रुवारीत कार्निव्हल असतो, सगळं शहर पिऊन रस्त्यावर. तिथे तिला आधी दोनदा असाच अनुभव आलेला. तेव्हा तिला हसून सांगितलं गेलं, अगं कार्निव्हल आहे.

आठवड्याभरात मोर्चे निघाले. पेगिडा या इस्लामविरोधी संघटनेच्या फलकावर बलात्कारी आणि निर्वासित हे दोन शब्द एकत्र करून बनवलेला नवा शब्द होता. आयुष्यात कधी बायकांच्या प्रश्नावर तोंड न उघडलेली माणसं स्त्रीमुक्तीवर भाषणं ठोकायला लागली. जर्मनीत नवऱ्याने केलेला बलात्कार गुन्हा ठरला तो १९९७ साली. तोपर्यंत जर्मन बायकांचा सन्मान घरात सुरक्षित होता म्हणायचं का? काही स्त्रीवाद्यांनी जानेवारीतच मोहीम काढली. तिच्या नावाचा अर्थ 'अपवाद नाही': करणारा कोणीही असो, आणि जागा चौक असो की घर. तिची बातमी आतल्या पानावर.

जुलै २०१६ मध्ये कायदा बदलला. 'नाही म्हणजे नाही'. त्याआधी धमकी किंवा जबरदस्ती सिद्ध करावी लागायची, नुसता नकार पुरत नव्हता. बायकांच्या संघटना कित्येक वर्षं हेच मागत होत्या. मिळालं केव्हा, तर आरोपी परके दिसायला लागल्यावर. आणि त्याच काळात परदेशी गुन्हेगारांना हाकलणंही सोपं करून घेतलं. त्या रात्रीच्या लैंगिक गुन्ह्यांत प्रत्यक्ष शिक्षा झाल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. माझी मैत्रीण त्या बोटांत नाही.

अवांतर: त्या जानेवारीत ट्रेनमध्ये माझ्या शेजारच्या बायका पर्स दुसऱ्या बाजूला घ्यायच्या. मला राग नाही आला. त्यांना खरीच भीती वाटत होती. ती भीती कोणी कोणाकडे वळवली, यावर मात्र मी अजून चिडतो.

अवांतर २: याच नदीकाठी १९२० च्या दशकात फ्रान्सने मोरोक्को-सेनेगलकडचे सैनिक तैनात केले होते. तेव्हाही पोस्टरं निघाली, काळे राक्षस आणि गोऱ्या बाया. मोहिमेचं नावच 'काळी नामुष्की'. त्या सैनिकांपासून झालेली पोरं पुढे शाळेत जायला लागली. १९३७ मध्ये नाझींनी त्यांतल्या सुमारे ४०० जणांची गुपचूप नसबंदी केली. आमच्या ट्रामच्या रस्त्यावर याची एकही पाटी मला दिसलेली नाही.

चहाटळ

दंडवत. सावकाश परत वाचतो.

काळा कोट

जिल्हा न्यायालयात वकिली करते, पोक्सोच्या बऱ्याच केसेस पाहिल्यात. रॉदरहॅमबद्दल आधी.

रोखठोक, अहवालाचा निम्मा भाग तुम्ही बरोबर सांगितलात. उरलेला निम्मा असा की त्या मुलींकडे पोलीस तुच्छतेने बघायचे. गरीब घरच्या, कित्येकींना बालगृहांत ठेवलेलं, घरातून पळालेल्या. 'या स्वतःच जातात' हा सूर. वंशद्वेष्टे म्हणतील ही भीती होतीच, पण पोरींची किंमत शून्य होती म्हणून ती भीती जड ठरली. २०२५ मध्ये अशा टोळ्यांच्या गुन्ह्यांवर लुईझ केसी यांचं परीक्षण आलं. त्यात निघालं की दोन तृतीयांश गुन्हेगारांचा वंश नोंदवलेलाच नाही. म्हणजे 'सगळे तेच' म्हणणाऱ्याकडेही पूर्ण विदा (आकडेवारी) नाही आणि 'तसं काही नाहीच' म्हणणाऱ्याकडेही नाही. न नोंदवल्याने फायदा कोणाचा झाला? मैदान भाषणबाजांना मोकळं मिळालं.

आपल्याकडची स्थिती. २०२२ मध्ये देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले. दरवर्षी यातले नव्वद टक्क्यांच्या कितीतरी वर आरोपी ओळखीचे निघतात: घरातले, शेजारचे, लग्नाचं आमिष दाखवणारे, साहेब, सर. हे फक्त नोंदलेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी (२०१९-२१) बघा. लग्न झालेल्या ज्या बायकांनी लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं त्यांच्यापैकी ८२ टक्क्यांनी आत्ताच्या नवऱ्याचं नाव घेतलं आणि १४ टक्क्यांनी आधीच्या. हा नवरा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ६३ च्या अपवादात सुखरूप बसलाय, बायको अठराची झालेली असली की झालं. नवऱ्यांविरुद्ध गेटवर पाटी लावायची तर रोज संध्याकाळी सहा वाजता निम्मी सोसायटी बाहेर उभी राहील.

माझ्या कोर्टातला अनुभव सांगते. आरोपी परगावचा मजूर असेल तर पहिल्या तारखेला व्हरांड्यात घोषणा, कॅमेरे, हार घातलेले पुढारी. साक्षीपुराव्याला मूल पडद्यामागे बसतं, तेव्हा आई आणि मी. आरोपी नात्यातला असेल तर पहिल्या तारखेपासूनच आई आणि मी. कधीकधी आईही नसते.

रोखठोक

वकीलताई, विदा मान्य. पण लोकांच्या भावना असतात. बाहेरून येऊन कोणी असं केलं तर जास्त राग येणं स्वाभाविक नाही का?

काळा कोट

येऊ द्या. राग कुठे जाऊन बसतो ते बघा म्हणते. तुमचा राग त्या मुलीसोबत सात वर्षं तारखांना येणार असेल तर मी खुर्ची देते.

अंजनेरीचा वारा

इथे सगळे परप्रांतीयावर बोलताहेत. आमच्याकडे त्र्यंबक रस्त्याला ऑक्टोबर २०१६ मध्ये जे झालं त्यात कोणी परप्रांतीय नव्हता. तळेगाव अंजनेरी. पाच वर्षांची मुलगी, आरोपी गावातलाच अल्पवयीन पोरगा. फक्त जात वेगळी. पोलीस सांगत होते, प्रयत्न झालाय, आम्ही ताब्यात घेतलंय. पण मोबाईलवर दर तासाला गोष्ट वाढत होती. दुसऱ्या दिवशी एसटी बसेस जळाल्या, महामार्ग अडला, पालकमंत्र्यांच्या ताफ्यावर दगड पडले. आजूबाजूच्या गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. इंटरनेट बंद ठेवावं लागलं.

पार्श्वभूमी आठवा. जुलैत कोपर्डी झालं होतं (मुलगी मराठा, आरोपी दलित), २४ सप्टेंबरला नाशिकला प्रचंड मराठा मूक मोर्चा निघाला होता. कोपर्डीच्या लेकीचं दुःख शंभर टक्के खरं होतं. तिथल्या तिघांना नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. पण त्या दुःखाच्या मागण्यांत अ‍ॅट्रॉसिटी कायदा बदला ही मागणी कशी येऊन बसली? तिघांनी केलं, कायदा सगळ्या जातीचा काढायचा. आणि २००६ चं खैरलांजी आठवा. तिथे एका दलित घरातल्या मायलेकींची काय विटंबना झाली हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं, तरी निकालात ना बलात्कार टिकला, ना अ‍ॅट्रॉसिटी. तेव्हा मोर्चे काढले ते आमच्याच वस्तीतल्या लोकांनी, आणि लाठ्या खाल्ल्या त्याही त्यांनीच.

मी तेव्हा बावीसचा होतो. आई दोन रात्री दाराला आतून खाट लावून बसली होती. दारामागे माझी बहीणही होती. तिची लेकीबाळींत गणती नव्हती.

वर्कशॉपवाला

वारा, हे मला इतक्या तपशिलात माहीत नव्हतं. पंचवीस किलोमीटरवर राहतो मी.

जुनी पोथी

गोदाताईंनी विचारलं, मोठी राजकारणं यावर चालतात का. एक उदाहरण देतो, आपल्याकडे फारसं वाचलं जात नाही.

१९८० च्या दशकातला कोसोवो. तेव्हा युगोस्लाविया एकत्र होता, कोसोवो त्यातल्या सर्बियाचा प्रांत. सर्बियाच्या वर्तमानपत्रांत रोज एकच विषय: अल्बेनियन पुरुष सर्ब बायकांवर बलात्कार करतात, सर्बांना पळवून लावण्यासाठीच करतात. वातावरण इतकं तापलं की १९८६ मध्ये कायद्यात वेगळी तरतूद आली, पीडिता आणि आरोपी वेगवेगळ्या राष्ट्रीयत्वाचे असतील तर शिक्षा जास्त. पुन्हा वाचा. त्याच राष्ट्रीयत्वाच्या माणसाने केलं तर गुन्हा हलका. १९९० मध्ये काही स्वतंत्र विचाराच्या वकील-अभ्यासकांनी नोंदी तपासल्या. कोसोवोतलं बलात्काराचं प्रमाण उरलेल्या सर्बियापेक्षा कमी निघालं, आणि सर्ब बाई-अल्बेनियन पुरुष अशी प्रकरणं अगदी तुरळक. कोण वाचतंय? त्या लाटेवर नेते निवडून आले होते.

१९९२ ला बोस्नियात युद्ध पेटलं. 'आपल्या बायकांच्या अब्रूसाठी' तापवलेल्या त्याच राष्ट्रवादाच्या फौजांनी फोचा गावात मुस्लिम बायका-मुलींना शाळेत, क्रीडागृहात डांबून महिनोन्महिने काय केलं, ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या २२ फेब्रुवारी २००१ च्या निकालपत्रात आहे. अफवा आधी आली, करणी मागून. अफवेने परवानगी काढून ठेवली होती.

आपल्याकडे मणिपूर, मैतेई-कुकी संघर्ष. मे २०२३ च्या सुरुवातीला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या तरुणीच्या मृतदेहाचा फोटो फिरला: ही आपली नर्स, चुराचांदपूरला तिच्यावर 'त्यांनी' अत्याचार करून मारलं. फोटो होता दिल्लीकडच्या एका मुलीचा, जिला २०२२ मध्ये घरच्यांनीच मारलं होतं! म्हणजे घरच्यांनी मारलेल्या मुलीचं प्रेत दाखवून परक्या बायकांवर सूड उगवला. ४ मेला कुकी बायकांची धिंड काढली, त्याचा व्हिडिओ देशाने पाहिला तो १९ जुलैला.

आणि उलट बाजूने झेंडा. कठुआ, जानेवारी २०१८, आठ वर्षांची बकरवाल मुलगी. बकरवालांना त्या भागातून घालवण्यासाठी हे केलं असं आरोपपत्रात होतं. आरोपींच्या बाजूने मोर्चा निघाला, हातात तिरंगे, पुढच्या एका सभेला दोन मंत्री हजर. मग १५ ऑगस्ट २०२२, बिल्किस बानो प्रकरणातले ११ जन्मठेपवाले सुटले, हार-पेढे झाले. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. तारीख बघा सुटकेची.

थोडं घरचंही. भगूर आपल्या जिल्ह्यातलं. सावरकरांनी 'सहा सोनेरी पाने' मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याणच्या सुभेदाराची सून आणि चिमाजी अप्पांनी वसईच्या पोर्तुगीज किल्लेदाराची बायको सन्मानाने परत पाठवली, याला 'सद्गुणविकृती'त धरलंय. सुनेच्या कथेला समकालीन पुरावा किती, हा वाद बाजूला ठेवा. लहानपणी आपण सगळ्यांनी ती अभिमानाने ऐकली आणि त्याच अभिमानावर ग्रंथकाराने आक्षेप घेतला. शत्रूची बाई म्हणजे रणांगणाचाच तुकडा, हे तिथे लपवूनछपवून सांगितलेलं नाही.

चहाटळ

नाव काढलंत. आता धागा तीनशे पार.

भगूरकर

पोथीकाका, संदर्भ सोडून वाक्य फेकू नका. शेकडो वर्षांच्या अत्याचारांवरची ती तळमळ आहे. आणि फाळणीत काय झालं आमच्या बायकांचं?

जुनी पोथी

भगूरकर, तळमळ मान्य, निष्कर्ष अमान्य. फाळणीचं विचारलंत ते बरं केलं. पळवल्या गेलेल्या बायकांचा ७५ हजारांचा अंदाज देतात, तिन्ही धर्मांच्या. दोन्ही सरकारांनी त्या 'परत मिळवायच्या' ठरवल्या, आपल्याकडे १९४९ मध्ये कायदाही झाला. त्या कायद्यात बाईला जायचंय का, हे विचारायची सोय नव्हती. कोणी तिथे संसार थाटला होता, कोणाला मूल झालं होतं. दोन राष्ट्रांनी गाई-म्हशींसारखी मोजदाद केली. आणि मार्च १९४७ मध्ये थोहा खालसा गावात कित्येक बायकांनी विहिरीत उड्या घेतल्या, त्याला आपण बलिदान म्हणतो. त्यातल्या कोणाला उडी घ्यायची नव्हती, ते विहिरीला माहीत.

संपादक

वरचा एक प्रतिसाद काढला आहे. त्यात एका पीडितेचा फोटो होता. पुन्हा असं केल्यास खाते बंद होईल.

मखमलाबादची

धाग्यात मजूर म्हणजे पुरुषच धरलाय सगळ्यांनी. आमची द्राक्षबाग आहे. छाटणीला, डिपिंगला पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात, निम्म्या बायका. शेडमध्ये राहतात, आंघोळीला गोणपाटाचा आडोसा. दोन वर्षांपूर्वी एका मुलीला मुकादमाने त्रास दिला. माझ्या सासूबाईंना कळलं तेव्हा टोळी निघूनही गेली होती, कारण उचल मुकादमाचीच. गावात कोणी म्हणालं नाही की आपल्या लेकीबाळी. जिल्ह्यात अशा बायकांसाठी स्थानिक समिती असते, २०१३ च्या कायद्याने, हे मला परवा एका शिबिरात कळलं. तिला कोण सांगणार होतं?

देवळालीची तिसरी पिढी

हेच लिहायला आले. आजोबा जौनपूरहून देवळालीला आले. मी इथेच जन्मले, मराठी माध्यमात शिकले. दहावीत असताना कॉलनीतली दोन पोरं सायकलमागे यायची. मी घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पप्पांनी शाळा सोडवून गावी धाडलं असतं, आणि तक्रार केली असती तर ते म्हणाले असते, भैय्यांची पोरगी, हिचंच काहीतरी असेल. २००८ ला आमच्या दारावर दगड आले तेव्हा त्या दोघांतला एक मी गर्दीत बघितला. माझी अब्रू वाचवायची यादी कोणाकडेच नव्हती.

घरातही तेच. भावाने मराठी मुलीशी लग्न केलं, पेढे वाटले. मी मराठी मुलाचं नाव काढलं, तर आजीने चार दिवस अन्न सोडलं. 'हमार नाक कट जाई.'

चहाटळ

शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक, असं आजी सांगायची. गावाच्या नावातच आहे म्हणजे.

रोखठोक

तिसरी पिढी, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो. माझं मत पूर्ण बदललं असं नाही. लपवू नये, यावर ठाम आहे. पण माझ्या ओळखीच्या किती घरांत मुलींनी असं काही सांगितलं, हे आठवत होतो. एकही आठवलं नाही. म्हणजे झालंच नाही असं तर नसेल.

काळा कोट

गोदाताई, एक राहून गेलं. पहिल्या पोस्टमध्ये फ्लॅट नंबर होता म्हणालात. पीडित मुलाची ओळख उघड करणं हा पोक्सोच्या कलम २३ खाली गुन्हा आहे, न्याय संहितेचं ७२ वेगळं. मूळ पोस्ट टाकणाऱ्याने आणि पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने. ती अजून फिरतेय का ते बघा. मुलीने शाळा बदलली म्हणालात, नव्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर ती पोस्ट पोहोचली तर बदलून उपयोग काय? आणि त्या पाच रंगाऱ्यांनी तक्रार केली का?

गोदाकाठची

रंगाऱ्यांचं: ठेकेदार म्हणाला, ते आता सुरतला आहेत. तक्रार नाही केली. मजुरीचे बावीस हजार सोसायटीने अजून दिलेले नाहीत, 'काम अपूर्ण' म्हणून. मी माझ्या नावाने अर्ज दिलाय समितीला. कुकर माझ्याकडे आहे.

पोस्टचं. वकीलताई, हे मी धाग्यात लिहिलं नव्हतं. त्या रात्री ती मीही पुढे पाठवली होती. बहिणीच्या ग्रुपवर. 'बघ काय चाललंय आमच्याकडे' असं वर लिहून. तुमचा प्रतिसाद वाचला आणि तिला फोन लावला, डिलीट कर म्हटलं. तिने केली. मग म्हणाली, अगं पण मी तेव्हाच भिशीच्या ग्रुपवर टाकली होती. भिशीत सोळा जणी आहेत. एक एक नंबर घेऊन आज दुपारपासून फोन करतेय. नऊ झाल्या. दोघी म्हणाल्या, कोणती गं पोस्ट? एक म्हणाली, हो हो आठवतंय, त्या भैय्यांना फाशी झाली का?

सात राहिल्यात.